धुऱ्यावरचं गवत

काळ्या_मातीतला | 17 नोव्हेंबर 2024, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय घरगुती आहे. गावात बोलायची सोय नाही म्हणून इथे.

मी दारव्हा तालुक्यातला. सात एकर वावर, एक विहीर, कपाशी आणि तूर. पुण्यात नऊ वर्षं एका कंपनीत होतो. 2020 मध्ये लॉकडाऊनला घरी आलो तो परत गेलोच नाही. वडील 69 वर्षांचे. त्यांना मी ‘भाऊ’ म्हणतो. आत्या आणि काका त्यांना भाऊ म्हणायचे, मग आम्ही पोरंही तेच म्हणू लागलो. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत.

तर यंदा दोन एकरांत सघन लागवड केली. तीन फुटांवर तास (ओळ), अर्ध्या फुटावर झाड. भाऊंनी जन्मभर चौफुली पेरली, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी डवरा (तण काढायचं कोळपं) फिरला पाहिजे. माझ्या लागवडीत आडवा डवरा फिरत नाही. पेरणीच्या दिवशी ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहिले, पाहिलं, निघून गेले. ऑगस्टमध्ये गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावले, तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘हे आकाशकंदील कायले टांगले वावरात? दिवाळी दूर हाये.’’

पहिल्या दोन वेच्यांतच एकरी आठ क्विंटल आला. अजून बोंडं आहेत, बारापर्यंत जाईल. आमच्या वावरात पाच-सहाच्या वर कधी गेलं नव्हतं. मागच्या रविवारी त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. वावर पांढरंशुभ्र फुटलेलं. बाया वेचत होत्या, त्याही मान वर करून बघायला लागल्या की आता म्हातारा काय म्हणतो. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. एक बोंड हातात घेतलं, सरकी दाबून पाहिली. परत आले आणि म्हणाले,

‘‘धुऱ्यावर गवत लय माजलं. काढून टाकजो.’’

बस. मी 39 वर्षांचा आहे, मला दोन मुली आहेत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. याची लाजही वाटते.

2001 ला दहावीत 81 टक्के मिळाले होते. गुणपत्रिका घेऊन तालुक्याहून सायकल हाणत सरळ वावरात गेलो. ते विहिरीवर होते. कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली, परत दिला आणि म्हणाले, ‘‘लाईन जाईन आता. मोटर पाहून ये.’’

तुमच्यापैकी कोणाच्या वडिलांनी तोंडावर ‘चांगलं केलं’ म्हटलंय का? आणि नसेल म्हटलं, तर तुम्ही काय केलंत?

---

मोर्शीचा_संत्रा | 17 नोव्हेंबर, रात्री 11:15

भाऊ, अख्ख्या विदर्भाचा बाप लिहून ठेवला तुम्ही. आमच्या बुढ्यानं संत्र्याचा मृग बहार पाहून ‘‘पाखरं लय बसून राह्यले’’ एवढंच म्हटलं होतं. व्यापाऱ्यानं बागेचा सौदा केला तेव्हा तेही नाही.

एक सांगतो. तोंडावर नाही बोलत, पण बाहेर सांगतात. पानठेल्यावर विचारून पाहा.

---

थंड_डोक्याचा | 18 नोव्हेंबर, सकाळी 8:05

धागा आवडला. मी पुण्यात असतो, शेतीतलं कळत नाही. पण अशा वेळी मनातलं साठवून ठेवू नये. शांतपणे समोर बसवून सांगा की ‘बाबा, तुम्ही कौतुक केलं नाही की मला वाईट वाटतं.’ आरोप न करता फक्त आपली भावना सांगायची. समुपदेशकाकडे दोघं गेलात तर उत्तमच.

---

काळ्या_मातीतला | 18 नोव्हेंबर, दुपारी 1:20

@थंड_डोक्याचा, मनापासून आभार. पण हे वाक्य वऱ्हाडीत कसं म्हणायचं तेवढं सांगा. सकाळपासून मनात घोळवतोय, जमत नाही.

@मोर्शीचा_संत्रा, पानठेल्यावर विचारून झालं. ‘‘पोट्टं पिसाळलं, पऱ्हाटी गवतावानी पेरली’’ असं जूनमध्ये म्हणाले होते म्हणे. (पऱ्हाटी म्हणजे कपाशी.) त्यानंतर विषयच काढला नाही.

---

मोर्शीचा_संत्रा | 18 नोव्हेंबर, दुपारी 1:32

‘‘भाऊ, मले वाईट वाटते’’ म्हणून पाहा. ते म्हणतील, ‘‘पित्त झालं असन, सोडा पे.’’ 😄

---

वऱ्हाडची_लेक | 18 नोव्हेंबर, रात्री 9:50

हसू आलं आणि नाहीही आलं. मुलांना निदान वावर तरी दाखवता येतं. आम्ही काय दाखवायचं?

माझे वडील सुतारकाम करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्यासाठी त्यांनी माझ्या भावाला सागवानाचा नंदी करून दिला होता. चाकांचा, शिंगांना पितळी टोपणं, पाठीवर झूल रंगवलेली. भाऊ दारोदार नंदी फिरवून बोजारा गोळा करायचा आणि मी मागून वेसणीची दोरी धरून चालायचे. एका वर्षी मी म्हटलं, मला पण करून द्या. ते म्हणाले, ‘‘तुले कायले?’’ त्यात राग नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

मी पुढे डी.एड. केलं. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि माझ्या पगारावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी भावाला ओळखलं. तो नंदी अजून भावाच्या घरी टीव्हीवर आहे.

आणखी एक. तुमच्या धाग्यात आई कुठे आहे? आमच्या घरी आई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज होतं. ‘‘त्यायले सांग जेवाले ये म्हणा’’, ‘‘तिले सांग पैसे ठेवले म्हणा.’’ सगळं तिच्यामार्फत. ती गेली आणि लाईन कायमची डेड झाली.

---

काळ्या_मातीतला | 18 नोव्हेंबर, रात्री 10:30

ताई, नेमकं धरलंत. माय 2019 ला गेली. मी पुण्यात असताना रोज फोनवर ती सांगायची, ‘‘तुह्ये भाऊ इचारत होते.’’ आता वाटतं, ते खरंच विचारायचे का ती आपल्या मनानेच सांगायची? हे आता कोणालाच विचारता येणार नाही.

---

जुनं_खोड | 19 नोव्हेंबर, पहाटे 5:40

मी तुमच्या वडिलांच्या वयाचा. दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो, तरी लिहितो, कारण या धाग्यात बापाच्या बाजूचं कोणी बोललं नाही.

आमचं घर तेवीस माणसांचं होतं. माझे वडील ओट्यावर बसलेले असताना मी माझ्या पोराला कडेवर घेऊ शकत नव्हतो. तो निर्लज्जपणा समजत. पुतण्याला घेतलं तर चाले. पोरगा रडत रडत माझ्याकडे यायचा आणि मी उठून गोठ्यात जायचो. तो दोन वर्षांचा होता तेव्हापासून मी गोठ्यात जातोय. पुढे वडील वारले, ओटा रिकामा झाला, तोवर पोरगा चौदा वर्षांचा. आता कडेवर घेता येत नव्हतं आणि काय बोलायचं ते शिकलेलो नव्हतो.

दुसरं भ्या नजरेचं. उभ्या पिकाला चांगलं म्हणू नये, गाभण गाईला चांगलं म्हणू नये, पोराला तर मुळीच नाही. कापूस घरात येऊन गंजी लागेस्तोवर ‘यंदा पिकलं’ असं आम्ही बायकोलाही सांगत नसू. गारपीट कधी येईल, भाव कधी पडेल. तुमच्या वडिलांनी उभ्या कपाशीत खोट काढली ती कदाचित तीट लावल्यासारखी असेल. मी कदाचित म्हणतो. सगळ्याच बापांच्या गप्प बसण्यात सोनं पुरलेलं नसतं. काही नुसतेच गप्प असतात.

आता मी नातवाला मांडीवर घेतो, मुके घेतो. माझा पोरगा दारातून पाहतो. ती नजर मला समजते. पण त्यावर उपाय माहीत नाही.

---

मोर्शीचा_संत्रा | 19 नोव्हेंबर, सकाळी 7:12

काका, दंडवत. चहा थंड झाला.

---

सदाबहार_सुविचारी | 19 नोव्हेंबर, सकाळी 9:00

बाप हा नारळासारखा असतो, वरून कठोर आतून गोड. अपेक्षा हेच दुःखाचं मूळ. आईवडिलांची सेवा करा, फळाची अपेक्षा करू नका. 🙏🙏

---

वऱ्हाडची_लेक | 19 नोव्हेंबर, सकाळी 9:25

नारळ कोकणात. आमच्याकडे कवठ असतं. फोडेपर्यंत पिकलं की सडलं ते कळत नाही.

---

नदीपल्याड | 19 नोव्हेंबर, रात्री 11:58

लिहू की नको करत दोन दिवस गेले.

माझ्या वडिलांनी 2006 मध्ये आत्महत्या केली. पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्याच वर्षी. मी बारावीत होतो. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं सायकलच्या पंक्चरवरून झालं. माझंही तुमच्यासारखंच होतं. बारावीत चांगले मार्क मिळवून दाखवतो, मग बघू कसे बोलत नाहीत, असं ठरवलं होतं. मार्क मिळाले. दाखवायला कोणी नव्हतं.

मग मदतीसाठी कागद फिरवले. असं प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख. आमचं अपात्र ठरलं. कर्ज आजोबांच्या नावावर होतं, सातबाराही त्यांच्याच नावावर. वडिलांच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून कागदोपत्री ते शेतकरीच नव्हते. एकोणीस वर्षांचा मी प्रत्येक टेबलावर जाऊन सांगत होतो, ‘‘साहेब, ते शेतकरी होते, चांगले शेतकरी होते.’’ ते जिवंत असताना हे मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणजे मीही त्यांना तोंडावर काही दिलं नाही. हे मला फार उशिरा सुचलं.

भाऊ, तुम्ही तुमच्या वडिलांना कधी म्हटलंय का, की तुमची चौफुली चांगली होती?

आणखी काही नाही. हा धागा वाचणारा कोणी आतून फार खचला असेल तर घरात, मित्राला, कोणालाही आजच सांगा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. नातेवाईक गावभर करतील ही भीती असते. तिथे ती नाही.

---

काळ्या_मातीतला | 20 नोव्हेंबर, रात्री 9:15

@नदीपल्याड, तुमचा प्रतिसाद वाचून उठून अंगणात गेलो. भाऊ खाटेवर झोपले होते. काही बोललो नाही. पाहून आलो फक्त.

नाही, कधीच म्हटलेलं नाही. उलट सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याहून आलो असताना चारचौघांत म्हणालो होतो की यांची शेती म्हणजे सवयीची शेती. तेव्हाही ते काही बोलले नव्हते.

---

पिछली_सीट | 21 नोव्हेंबर, दुपारी 3:40

वाशिमकडून नमस्कार. माझा अनुभव थोडक्यात. बाबा घरात एक शब्द बोलत नाहीत, पण मोटारसायकलवर मागे बसले की बोलतात. समोर तोंड दिसत नाही ना, त्यामुळे असेल. दवाखान्याच्या प्रत्येक फेरीत मला घराण्याचा अर्धा इतिहास कळला. समोरासमोर बसवून विचारू नका. गाडीवर घ्या.

---

काळ्या_मातीतला | 21 नोव्हेंबर, रात्री 8:02

हे वाचून एक आठवलं. लहानपणी मी त्यांच्यासोबत जागलीला जायचो. मचाणावर रात्रभर. अंधारात ते बोलायचे! आवाजावरून जनावर ओळखायला त्यांनीच शिकवलं. डुक्कर आलं तर कणसं मोडल्याचा कटकट आवाज, रोही (नीलगाय) आला तर नुसती पानं सरकल्यासारखी. ‘‘आयक. कोन व्हय?’’ मी बरोबर ओळखलं की ‘‘हं’’ म्हणायचे. तो ‘हं’ अजून कानात आहे. दिवसाउजेडी तेच भाऊ परत मुके.

म्हणजे शाबासकी मला मिळालेली आहे बुवा. अंधारात मिळाली म्हणून हिशेबात धरली नव्हती. पण हे मी स्वतःची समजूत घालतोय का, तेही कळत नाही.

---

जुनं_खोड | 22 नोव्हेंबर, पहाटे 5:30

समजूत घालत आहात. तरी ‘हं’ खरा आहे. दोन्ही ठेवा.

---

काळ्या_मातीतला | 9 फेब्रुवारी 2025, रात्री 10:10

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून.

डिसेंबरात भांडण झालं. भाऊंना फरदड ठेवायची होती, म्हणजे पऱ्हाटीला पाणी देऊन आणखी एक-दोन वेचे. त्यांचं आयुष्य त्या मार्चच्या पैशावर चाललं. लग्नं, शाळेच्या फिया, सगळं फरदडीवर. माझं म्हणणं, फरदड ठेवली की बोंडअळीला वर्षभर खायला मिळतं आणि ती पुढच्या हंगामात आयतीच हजर. 2017 ला बोंडअळीने आमच्या जिल्ह्यात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पण 2017 ला मी पुण्यात होतो आणि भाऊ वावरात होते, हेही तितकंच खरं. तेव्हा फवारताना आमच्या शेजारचा एक जण विषबाधेने दवाखान्यात वीस दिवस पडून होता. त्याला बैलबंडीत घालून रोडपर्यंत भाऊंनी नेलं होतं. हे मला शेजाऱ्यानेच सांगितलं, भाऊंनी नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी पऱ्हाट्या उपटल्या. सतरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. एरवीही बोलत नाहीत, त्यामुळे हा अबोला आहे हे माझ्या बायकोला दहाव्या दिवशी कळलं.

याच दरम्यान शेजारचा चुलतभाऊ घरी आला. मी आत होतो. त्याने ओट्यावर भाऊंना विचारलं, ‘‘पोट्ट्यानं केवढ्यावर पेरली व्हती?’’ तर भाऊ म्हणाले, ‘‘तीन फुटाचा तास, अर्ध्या फुटावर झाड. भारी रानात नको पेरजो, हलक्या-मध्यमात पेर.’’ सगळं बारकाव्यासह. मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी मोजलं असणार.

इथले निम्मे लोक आता म्हणतील, बघा, मनात कौतुक होतंच. मला मात्र राग आला. इतका राग की आतल्या आत थरथरलो. चुलतभावाला सांगता येतं आणि मला नाही?

---

वऱ्हाडची_लेक | 9 फेब्रुवारी, रात्री 10:45

राग बरोबर आहे. तो कोणाला समजावून सांगत बसू नका.

---

काळ्या_मातीतला | 2 मार्च, रात्री 9:30

@पिछली_सीट, तुमचा उपाय केला. कापसाच्या चुकाऱ्यासाठी (विक्रीच्या पैशांसाठी) बँकेत त्यांची सही हवी होती. मोटारसायकलवर घेतलं. जाताना काही नाही. येताना शकुंतला रेल्वेचे रूळ ओलांडले आणि मागून आवाज आला, ‘‘हरण्याले याच वाटेनं आणलं व्हतं.’’

हरण्या आमचा बैल. आर्वीच्या बाजारातला गवळाऊ, पांढराफेक. मी पाचवीत असताना गेला. मग गाव येईपर्यंत फक्त हरण्या. पुरात बंडी कशी ओढली. लहान पोरगं पायात आलं तर कसा जागच्या जागी थांबायचा. आणि, ‘‘धुऱ्यापाशी आला का आपोआप वळे. सांगा लागे नाई. एकदा बी सांगा नाई लागलं त्याले.’’ हे सांगताना आवाज भरून आला होता. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

मरून तीस वर्षं झालेल्या बैलाचं कौतुक मी वीस किलोमीटर ऐकलं, मंडळी. बैलाचा हेवा वाटलेला मी पहिलाच असेन.

उतरताना मी म्हटलं, ‘‘भाऊ, तुमच्या चौफुलीची लाईन दोरीवानी सरळ राहे.’’ जमेल तसं म्हटलं. त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि गोठ्याकडे गेले. गोठ्यात आता जनावर नाही, मोटारसायकलच उभी असते.

---

जुनं_खोड | 3 मार्च, पहाटे 5:20

गोठ्यात कायले गेले ते मला माहीत आहे.

---

मोर्शीचा_संत्रा | 3 मार्च, सकाळी 7:45

म्हणजे त्यांच्या शब्दकोशात शहाणा तोच, ज्याले सांगा नाही लागत. आणि आपण सगळे सांगण्यासाठी कान लावून बसलेले. कठीण आहे बाप्पा.

---

काळ्या_मातीतला | 14 जून 2025, रात्री 8:50

पेरणीच्या धावपळीत आहे. पाऊस अजून पुरता नाही, पण वखरणी झाली. थोडक्यात सांगतो.

मागच्या आठवड्यात पहाटे उठून सगळा धुरा स्वच्छ केला. चारही बाजू. विळ्याने हाताला फोड आले. भाऊ दहाच्या सुमारास आले, फिरून पाहिलं आणि म्हणाले,

‘‘सारंच काऊन कापलं? थोडं ठेवा लागते. पान्यानं धुरा खचते ना.’’

मी तिथेच ढेकळावर बसून हसायला लागलो. थांबेना. त्यांना कळेना काय झालं. मग तेही थोडं हसले, किंवा उन्हाने डोळे बारीक केले असतील. मी म्हटलं, ‘‘मंग किती ठेवाचं ते तुमीच पाहा आता.’’ त्यांनी माझ्या हातातला विळा घेतला, धार पाहिली, ‘‘बोथट हाये’’ म्हणाले आणि कमरेला खोचला.

यंदा वावर माझं, धुरा त्यांचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. ते काही बोलले नाहीत. पण विळा अजून परत दिलेला नाही.